लिनक्सवर खेळ चालतात, आणि मुलं ते बनवतातही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर घरातल्या जुन्या संगणकांचं काय करायचं, यावरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख आमच्या ग्रंथालयात बऱ्याच जणांनी वाचला. संगणक भंगारात देण्याऐवजी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घाला, हा त्यातला सल्ला मला मनापासून पटला. पण लेखाच्या शेवटी म्हटलं होतं की घरात मुलं असतील तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका, कारण विंडोजचे खेळ त्यावर चालत नाहीत. तेवढं वाचून आमच्या गावातल्या काही पालकांनी विचार बदलला. एकांनी तर आमच्याकडून मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून नेलेला संगणक परत विंडोज टाकायला तालुक्याला धाडला. म्हणून हे पत्र.

मी वाई तालुक्यातल्या एका गावात 'क' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे. एका पतसंस्थेने तिच्या शाखेतले जुने संगणक आम्हाला दिले. तिसऱ्या पिढीचे आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे त्या संस्थेच्या दृष्टीने यंत्रं निकामी झाली होती. लिनक्स मिंटला दोन जीबी रॅम पुरते आणि चार असली तर बरं. आम्ही त्याची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ती हलकी आहे आणि दिसायला जुन्या विंडोजसारखीच असल्याने कुणाला वेगळं शिकवावं लागलं नाही. पोरांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "बाई, ह्यात मारिओ हाय का?"

गावाकडच्या चाळिशीतल्या माणसाला मारिओ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा 'टीव्ही गेम' आणि त्याच्या पिवळ्या-निळ्या कॅसेटी यात्रेतसुद्धा मिळायच्या. ती यंत्रं म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि कॅसेटमध्ये बहुधा १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' असायचाच. आता त्याच पिढीची मुलं आमच्याकडे पुस्तकं बदलायला येतात. त्यांना मारिओ ठाऊक आहे तो आईबापांमुळे.

कॉलेजात जाणारा एक वाचक पेनड्राइव्हवर 'सुपर मारिओ ब्रदर्स एक्स' घेऊन आला. हा खेळ निन्टेंडोने काढलेला नाही. मारिओवर प्रेम असलेल्या अँड्र्यू स्पिंक्स या अमेरिकन प्रोग्रामरने तो स्वतःच्या हौसेने बनवला आणि २००९ पासून लोकांना फुकट दिला. १९८५ चा मारिओ, त्याचे पुढचे दोन भाग आणि नंतरचा 'सुपर मारिओ वर्ल्ड' या चारही खेळांतल्या विटा, कासवं, नळ आणि शत्रू त्यात एकत्र आले आहेत. मारिओ, लुइजी, पीच, टोड आणि लिंक अशी पाच पात्रं घेता येतात आणि दोघांना एकाच वेळी खेळता येतं. मूळ संकेतस्थळ २०११ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी मे महिन्यात स्पिंक्सचा स्वतःचा 'टेरारिया' हा खेळ बाजारात आला आणि जगभर गाजला.

मला या खेळात रस वाटला तो दुसऱ्याच कारणाने. त्यात एडिटर आहे. म्हणजे खेळणारा स्वतः माउसने विटा मांडून, खड्डे पाडून, शत्रू सोडून आपला टप्पा तयार करू शकतो आणि लगेच तो खेळून बघू शकतो. ग्रंथालयात खेळ ठेवायचा तर मला असाच हवा होता. नुसतं बोटं आपटत बसायला मुलांना घरी मोबाइल आहेच.

तर हा खेळ फक्त विंडोजसाठी बनवलेला, आणि आमच्याकडे लिनक्स. इथे 'वाइन' हा मोफत प्रोग्राम कामाला येतो. वाइनवर १९९३ पासून काम सुरू आहे आणि अलेक्झांडर ज्युलियार्ड हे १९९४ पासून त्या प्रकल्पाची धुरा सांभाळतात. विंडोजचा प्रोग्राम जेव्हा म्हणतो, "मला एक खिडकी उघडून दे", "ही फाइल वाच", तेव्हा ती मागणी वाइन लिनक्सच्या भाषेत करून पुरी करतं. संगणकात दुसरा नकली संगणक उभा करावा लागत नाही, म्हणून आमच्यासारख्या जुन्या यंत्रावरही ते जड होत नाही. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये याच वाइनच्या पायावर 'प्रोटॉन' हे खेळ चालवायचं साधन आणलं आणि तिच्या 'स्टीम डेक' या हातात धरायच्या यंत्रावर आज हजारो विंडोजचे खेळ लिनक्समधूनच चालतात. तेव्हा 'चालत नाहीत' हे विधान आता जुनं झालं आहे. ऑनलाइन खेळातली फसवणूक रोखणारी प्रणाली ज्यात असते असे काही नवे खेळ अजूनही अडतात, हे खरं. पण लहान मुलं खेळतात त्या जुन्या धाटणीच्या खेळांना ते लागू नाही.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून वाइन आणि त्याच्या जोडीचं विनट्रिक्स (वाइनला लागणारे जादा घटक आणून बसवणारं साधन) असं दोन्ही घेतलं. खेळाच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं तर काहीच झालं नाही. अशा वेळी आयकॉनवर क्लिक करत बसण्यात अर्थ नसतो. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडायचं आणि तिथून खेळ सुरू करायचा, म्हणजे अडचण काय ती वाइन स्वतः लिहून दाखवतं. आमच्या पडद्यावर ओळ आली ती अशा अर्थाची: एमएसव्हीबीव्हीएम-६० ही लायब्ररी (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची फाइल) या खेळाला हवी आहे आणि ती सापडत नाही.

ते नाव वाचून मला फार आनंद झाला, कारण त्यातलं 'व्हीबी' म्हणजे व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा. मी बीसीएस केलं तेव्हा आम्हाला व्हिज्युअल बेसिक ६ होतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्याच्याच फॉर्मची चित्रं चिकटवलेली असायची. माझ्या वयाच्या आणि महाराष्ट्रात संगणक शिकलेल्या कितीतरी जणांची प्रोग्रामिंगशी पहिली ओळख त्यातूनच झाली आहे. हा अख्खा खेळ त्या व्हीबी-६ मध्ये लिहिलेला आहे! १९९८ साली आलेली ही भाषा, आणि तिच्यात प्रोग्राम लिहायच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये काढून घेतला. पण त्यात बनवलेले प्रोग्राम चालवणारी लायब्ररी विंडोज ११ मध्येही दिलेली असते. वाइनमध्ये ती नसते, आपण घालायची असते.

घालायला सोपी आहे. विनट्रिक्समध्ये 'व्हीबी-६ रन' या नावाने ती मिळते. त्याआधी खेळासाठी वेगळा 'प्रिफिक्स' करून घ्यावा असं मी सगळ्यांना सांगते. प्रिफिक्स म्हणजे वाइनने तयार केलेला एक फोल्डर. त्याच्या आत 'ड्राइव्ह सी' असतो, विंडोजची नेहमीची फोल्डरं असतात आणि रजिस्ट्रीही (सेटिंगची नोंदवही) असते. व्हीबी-६ चे प्रोग्राम नेहमी ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीचे असतात, म्हणून हा प्रिफिक्सही ३२-बिट केला आणि वाइनच्या सेटिंगमध्ये विंडोज एक्सपी निवडलं. प्रत्येक खेळाला आपापला प्रिफिक्स दिला की एकात केलेला बदल दुसऱ्याला बाधत नाही, आणि काही बिनसलं तर तेवढाच फोल्डर काढून टाकून पुन्हा सुरुवात करता येते. आणखी एखादा घटक कमी पडला तर टर्मिनलवर त्याचंही नाव येतं. ते विनट्रिक्समध्ये शोधायचं. या कामाला संगणकतज्ज्ञ लागत नाही, वाचायची सवय लागते.

खेळाचा पडदा ८०० बाय ६०० चा. पूर्ण पडद्यावर चालवला आणि मध्येच बंद पडला तर लिनक्सचा पडदाही तेवढाच मोठ्या अक्षरांचा होऊन बसतो आणि लहान मुलं घाबरतात. वाइनच्या सेटिंगमध्ये 'ग्राफिक्स' या भागात आभासी डेस्कटॉपची सोय आहे, तिथे ८०० आणि ६०० हे आकडे भरले की खेळ आपल्या चौकटीत राहतो.

सुरक्षेबद्दलही लेखात काही नव्हतं, म्हणून लिहिते. वाइन विंडोजच्या प्रोग्रामला 'झेड' ड्राइव्ह म्हणून लिनक्सचं सगळं फोल्डरांचं झाड दाखवतं. म्हणजे विंडोजचा एखादा वाईट प्रोग्राम वाइनमधून चालवला तर तो तुमच्या फाइलींपर्यंत पोहोचू शकतो. आम्ही खेळांसाठी लिनक्समध्ये वेगळं खातं काढलं आहे, ज्याला ग्रंथालयाच्या नोंदींचा फोल्डर उघडता येत नाही. वाइन कधीही रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून चालवायचं नाही.

खरी गंमत पुढे आहे. मुलांनी टप्पे बनवले आणि फोल्डरला नावं दिली मराठीत: 'उसाचा फड', 'यात्रा', 'आजीचं घर'. खेळाला त्यातला एकही टप्पा उघडता येईना. व्हीबी-६ आतून युनिकोड (सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) वापरतं, पण त्याच्या फाइल उघडण्याच्या मूळ आज्ञा जुन्या 'अँसी' पद्धतीच्या आहेत, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये अँसी कोडपेज (अक्षरांचा तक्ता) कधी नव्हतंच. त्यामुळे 'उसाचा फड' खेळापर्यंत पोहोचतो तो नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग होऊन. मुलांना नावं रोमन लिपीत द्यावी लागली. चौथीतल्या एका मुलीने विचारलं की मराठी का चालत नाही, आणि मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिला ते बरोबर कळलं. आपल्या लिपीला जागा न ठेवता यंत्रं घडवली गेली, हे मुलांना कळायलाच हवं.

नंतर मुलांनी चित्रं बदलायला घेतली. या खेळात टप्प्याच्या नावाचा फोल्डर करून त्यात ठरावीक नावाची चित्रं ठेवली की मूळच्या चित्रांच्या जागी ती दिसतात. वीट ३२ बाय ३२ पिक्सेलची. व्हीबी-६ ला पीएनजी चित्र उघडता येत नाही, म्हणून सगळी चित्रं जीआयएफ प्रकारची. आणि प्रत्येक चित्राबरोबर त्याचा एक 'मास्क' लागतो. मूळ चित्राची पार्श्वभूमी काळी. मास्कमध्ये पार्श्वभूमी पांढरी आणि आकृती नुसती काळी. खेळ आधी मास्क आणि मागचं दृश्य यांचं 'अँड' करतो. पांढऱ्या भागात मागचं दृश्य तसंच राहतं, काळ्या भागात आकृतीएवढी काळी जागा तयार होते. मग मूळ चित्र 'ऑर' करून त्या जागेत भरतो. रांगोळीच्या छाप्यात आधी भोकं आणि मग रंग, तसं.

आम्हाला कॉलेजात 'अँड' आणि 'ऑर'चे तक्ते पाठ करायला लावले होते. आमच्या पोरांनी ते जिंप या मोफत प्रोग्राममध्ये विटेच्या जागी लाल एसटी रंगवताना शिकून घेतले. एकाने मास्क उलटा केला, तेव्हा एसटीभोवती चौकोन दिसू लागला. तो का दिसतो यावर मुलांमध्ये जो वाद झाला, तसा वाद मी वर्गात कधी ऐकलेला नाही. कासवांच्या जागी मेंढ्या आल्या, नळांच्या जागी विहिरी आल्या, ढगांवर पाचगणीची पठारं उतरली. एका मुलाच्या टप्प्यात तर ऊस तोडायला निघालेली बैलगाडी आहे. तिच्यावर उडी मारली की मारिओ मरतो, कारण "बैलावर पाय द्यायचा नसतो".

हे सगळं वाइनमधून होत असतानाच त्या कॉलेजच्या मुलाने आणखी एक गोष्ट शोधून काढली. स्पिंक्सने २०२० मध्ये या खेळाचा सोर्स कोड (प्रोग्रामचं मूळ लिखाण) खुला केला होता. त्यानंतर काही प्रोग्रामरनी व्हीबी-६ मधला तो कोड सी-प्लस-प्लस या भाषेत उतरवला. त्याचं नाव 'द-एक्सटेक'. तो थेट लिनक्सवर चालतो, वाइन लागत नाही. टप्पे बनवायला 'मूनडस्ट' नावाच्या प्रकल्पाचा एडिटर आहे, तोही लिनक्सवर थेट चालतो. आम्ही आता खेळायला 'द-एक्सटेक'च वापरतो. आमच्या जुन्या यंत्रांवर तो वाइनमधल्यापेक्षा सुरळीत पळतो, आणि 'उसाचा फड' हा फोल्डर मराठी नावासकट उघडतो. मुलांनी त्या दिवशी सगळ्या फोल्डरांची नावं पुन्हा मराठी केली.

ग्रंथपाल म्हणून मला हा फरक फार मोलाचा वाटतो. कोड बंद होता तोवर हा खेळ एका जुन्या लायब्ररीच्या आणि वाइनच्या आधाराने तगून होता. कोड खुला झाल्यावर कुणीही तो दुरुस्त करू शकतो, नव्या यंत्रावर नेऊ शकतो, त्यात आपली भाषा घालू शकतो. आपण पोथ्या का जपतो, जुनी मासिकं का बांधून ठेवतो? संगणकावरचे प्रोग्राम त्याहून लवकर मरतात. दहा-पंधरा वर्षांत ते उघडणारं यंत्रच उरत नाही. हौसेने बनवलेल्या खेळांचं तर आणखी अवघड, कारण मागे कंपनी नसते आणि संकेतस्थळ बंद झालं की संपलं.

आमच्या कार्यकारी मंडळात एका सभासदांनी योग्य प्रश्न विचारला, की मारिओचे हक्क निन्टेंडोचे आहेत, मग ग्रंथालयात हे चालवणं बरोबर का. चाहत्यांच्या अशा खेळांना कंपन्यांनी हरकत घेतल्याची उदाहरणं आहेत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मिल्टन ग्वास्ती या अर्जेंटिनाच्या तरुणाने निन्टेंडोच्या 'मेट्रॉइड २' या जुन्या खेळाची नव्याने घडवलेली आवृत्ती प्रसिद्ध केली होती. वर्षानुवर्षांचं काम, आणि निन्टेंडोच्या नोटिसांमुळे काही दिवसांतच ती अधिकृत ठिकाणांवरून उतरवावी लागली. तेव्हा आम्ही ठरवलं ते असं: खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत, खेळाच्या प्रती कुणाला द्यायच्या नाहीत, आणि स्नेहसंमेलनात किंवा बाहेर दाखवायचं ते फक्त मुलांनी स्वतः काढलेल्या चित्रांचं काम. ज्यांना ही शंका नकोच, त्यांच्यासाठी 'सुपरटक्स' आहे. त्यात पेंग्विन मारिओसारखाच उड्या मारतो, खेळ पूर्णपणे मुक्त परवान्याचा आहे, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतो आणि त्यातही एडिटर आहे. आमची पहिली-दुसरीची मुलं तोच खेळतात.

संपादक महोदय, माझी विनंती आहे की त्या लेखातलं विधान दुरुस्त करून छापावं. जुना संगणक घरात असलेल्या आणि नवा घेणं न परवडणाऱ्या वाचकांचे पैसे त्यावर अवलंबून आहेत. शक्य असेल तर पुरवणीत वाइन, विनट्रिक्स आणि प्रिफिक्स यांवर चित्रांसह पायरीपायरीने एक पान द्यावं. इंग्रजीत अशी माहिती हवी तेवढी मिळते, पण आमच्या वाचकांना ती मराठीतच हवी आहे.

दुसरी विनंती आपल्यामार्फत सातारा-कराडकडच्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधताना अशा खुल्या सोर्स कोडकडे बघावं. सूचनांचे फलक मराठीत, जोडाक्षरं नीट जुळलेली, काना-मात्रा जागच्या जागी, एवढं एक काम केलं तरी आमच्या पोरांनी बनवलेले टप्पे त्यांच्या आजी-आजोबांना वाचता येतील.

तालुक्यातल्या कुठल्या ग्रंथालयाला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला जुन्या संगणकांवर मिंट आणि वाइन बसवून हवं असेल, तर शनिवारी दुपारी यंत्र घेऊन आमच्याकडे यावं. हार्ड डिस्कवरच्या कामाच्या फाइली आधी दुसरीकडे काढून ठेवाव्यात आणि वीस जीबी तरी जागा मोकळी असावी. बसवायचं काम आता सातवी-आठवीची मुलंच करतात, मी शेजारी बसलेली असते.

आपली,
एक ग्रंथपाल
ता. वाई, जि. सातारा